आधी इलेक्ट्रॉन मोजा, मग रेघ मारा: युरियाचा रेणू काढता काढता बंध समजून घेऊ

सेंद्रिय रसायन नव्याने शिकणारी मुलं अभिक्रियांशी येऊन थांबतात, पण खरी अडचण त्याच्या बरीच आधी झालेली असते. रेणूची रचना काढताना इलेक्ट्रॉन नीट मोजलेले नसतात. पुढे अभिक्रियेत बाण काढायची वेळ आली की तो कुठून सुरू करायचा हेच कळत नाही, कारण ज्या जोडीपासून बाण निघायला हवा ती जोडी कागदावर काढलेलीच नसते. मग पाठांतर सुरू होतं आणि विषय डोंगराएवढा वाटायला लागतो.

मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्यांना आणखी एक त्रास असतो. संयुजा, सहसंयुज बंध, अष्टक हे शब्द सवयीचे झालेले असतात, आणि अचानक तेच सगळं व्हॅलन्सी, कोव्हॅलंट बाँड, ऑक्टेट या नावांनी समोर येतं. गोष्ट तीच आहे, नावं बदलली आहेत. इथे गरज असेल तिथे दोन्ही शब्द दिले आहेत.

उदाहरण म्हणून एकच रेणू घेऊ: युरिया. शेतकऱ्याच्या घरी गोणीवर ‘नत्र ४६ टक्के’ असं छापलेलं दिसतं, तोच हा. रेणू लहान आहे, पण सुरुवातीला शिकायच्या जवळजवळ सगळ्या कल्पना त्यात सापडतात: एकेरी बंध, दुहेरी बंध, एकाकी जोडी, संस्पंदन, संकरण. शिवाय सेंद्रिय रसायनाच्या इतिहासात त्याचं स्थान फार मोठं आहे. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख व्होलर यांनी अमोनियम सायनेट हा क्षार बनवायला घेतला आणि हाती आला युरिया, जो तोवर सजीवांच्या शरीरातच तयार होतो असं मानलं जात होतं. दोन्ही पदार्थांत अणू अगदी तेच आणि तेवढेच. फरक फक्त बंधांचा. तो फरक कागदावर कसा पकडायचा हे या लेखात पायरीपायरीने पाहू.

बसायच्या आधी जवळ ठेवा: कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर, आवर्तसारणी, लिंबाएवढा मळलेल्या कणकेचा गोळा आणि दहा-बारा टूथपिक. पेन घेऊ नका. रचना काढताना जोड्या इकडून तिकडे हलवाव्या लागतात, आणि खाडाखोड झालेल्या कागदावर टिंबं (एक टिंब म्हणजे एक इलेक्ट्रॉन) हमखास चुकीची मोजली जातात.

पहिली पायरी: कोणते इलेक्ट्रॉन मोजायचे

अणूच्या मध्यभागी केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. हे सगळ्यांना पाठ असतं. बंधांच्या दृष्टीने यातला कामाचा भाग फारच थोडा आहे: सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाने इतके घट्ट धरलेले असतात की ते बंधात भाग घेत नाहीत.

कार्बनचे एकूण ६ इलेक्ट्रॉन. त्यांतले २ आतल्या कवचात, ४ बाहेरच्या. नायट्रोजनचे ७, बाहेर ५. ऑक्सिजनचे ८, बाहेर ६. हायड्रोजनकडे एकच, तो बाहेरचाच. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या सगळ्यांच्या बाहेरच्या कवचात ७. एवढे आकडे तोंडावर हवेत. पहिल्या वर्षीचं बहुतेक सेंद्रिय रसायन याच आठ मूलद्रव्यांवर उभं आहे.

न्यूट्रॉन किती आहेत याने बंध बदलत नाहीत, हेही इथेच लक्षात घ्या. कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांच्यात एका न्यूट्रॉनचा फरक आहे, इलेक्ट्रॉन दोघांकडे ६ च. म्हणून कार्बन-१३ घालून बनवलेला युरिया हा रसायनाच्या दृष्टीने युरियाच राहतो. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या तपासणीत हाच गुण वापरतात. रुग्णाला असा युरिया पाजतात. जिवाणू असेल तर त्याचं विकर तो फोडतं आणि श्वासातून बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-१३ जास्त सापडतो.

आता प्रश्न येतो की कार्बन चार बंधच का करतो. चार इलेक्ट्रॉन देऊन मोकळा का होत नाही? कारण ते परवडत नाही. सोडिअमचा एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात. कार्बनचे चार एकामागून एक काढायला मोलमागे १४,००० किलोज्यूलहून जास्त. उलट चार इलेक्ट्रॉन घेऊन त्यांचं उणे ४ इतकं ओझं एवढ्या लहान अणूने सांभाळणंही तितकंच अवघड. मग उरते भागीदारी: आपला एक, शेजाऱ्याचा एक, जोडी दोघांची. हाच सहसंयुज बंध. चार इलेक्ट्रॉन, चार भागीदाऱ्या, आणि कार्बनभोवती ८ पुरे.

जोडी दोघांची असली तरी ओढ सारखी नसते. ही ओढ मोजायला विद्युतऋणतेचे आकडे आहेत. रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांच्या मापावर हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यात जेमतेम ०.३५ चा फरक, म्हणून तो बंध जवळपास समसमान. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात ०.८९, म्हणून तिथली जोडी ऑक्सिजनकडे सरकलेली असते आणि कार्बन थोडा धन होतो. सेंद्रिय रसायनातल्या कितीतरी अभिक्रिया याच धन झालेल्या कार्बनवर घडतात, म्हणून ०.८९ हा आकडा विसरू नका.

दुसरी पायरी: हिशेब

रचना काढायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात तीन ओळींचा हिशेब मांडायची सवय लावा. रेघ एकही मारायची नाही.

शिल्लक किती? युरियात एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. संयुजा इलेक्ट्रॉन: ४ अधिक ६ अधिक १० अधिक ४, एकूण २४. रेणूवर ऋण प्रभार असेल तर तेवढे मिळवा, धन असेल तर तेवढे वजा करा. इथे नव्या मुलांची हमखास गफलत होते: धन म्हणजे अधिक, म्हणून इलेक्ट्रॉनही वाढवतात. धन प्रभार आला तोच इलेक्ट्रॉन गेल्यामुळे, हे क्षणभर थांबून आठवा.

गरज किती? प्रत्येक अणू सुटा असता तर त्याला किती हवे होते? हायड्रोजनला २, बाकी प्रत्येकाला ८. युरियात चार जड अणू, म्हणजे ३२, आणि चार हायड्रोजनचे ८. एकूण ४०.

तूट किती? ४० वजा २४, म्हणजे १६. ही तूट भागीदारीतूनच भरून निघते, कारण वाटून घेतलेला इलेक्ट्रॉन दोन्हीकडे मोजला जातो. म्हणजे १६ इलेक्ट्रॉन बंधांत, आणि एका बंधाला २ याप्रमाणे बंध ८. उरलेले २४ वजा १६, म्हणजे ८ इलेक्ट्रॉन, चार एकाकी जोड्या. एकाकी जोडी, म्हणजे लोन पेअर, ही कोणाशीही न वाटलेली, एकाच अणूवर राहिलेली जोडी.

पेन्सिल उचलायच्या आधीच आपल्याला कळलं की आठ बंध आणि चार एकाकी जोड्या बसवायच्या आहेत. या हिशेबाने वाचणारा वेळ मोठा आहे. हे न करता सरळ काढायला बसणारे एक दुहेरी बंध जास्त तरी देतात किंवा कमी तरी.

तिसरी पायरी: सांगाडा

कोण कोणाशेजारी बसतो हे ठरवायचं. हायड्रोजन कधीच मध्ये येत नाही. तो एकच बंध करतो, म्हणून नेहमी टोकाला. मध्यभागी बहुधा कमी विद्युतऋणतेचा आणि जास्त बंध करणारा अणू, म्हणजे इथे कार्बन. त्याच्या तीन बाजूंना एक ऑक्सिजन आणि दोन नायट्रोजन. प्रत्येक नायट्रोजनवर दोन-दोन हायड्रोजन.

अणूंची नुसती संख्या दिली असेल तर सांगाडा एकच निघेल असं नाही. ऑक्सिजनला एक हायड्रोजन देऊन आणि एका नायट्रोजनचा कमी करूनही आठ बंध आणि चार जोड्या बसतात. तो वेगळा रेणू झाला. म्हणून पुस्तकात सूत्र कसं लिहिलंय ते बारकाईने पाहा. युरियाच्या सूत्रात एनएच२ हा गट दोनदा येतो, तेव्हा हायड्रोजन नायट्रोजनवरच.

आता एकेरी रेघा मारा. कार्बन ते ऑक्सिजन एक, कार्बन ते नायट्रोजन दोन, नायट्रोजन ते हायड्रोजन चार. सात झाल्या. हिशेबात आठ होत्या. आठवी कुठे? हायड्रोजनला दुसरी चालत नाही. उरले कार्बन-ऑक्सिजन किंवा कार्बन-नायट्रोजन. ऑक्सिजनला सहसा दोन बंध हवे असतात, नायट्रोजनला तीन, आणि नायट्रोजनचे तीन आधीच झालेत. म्हणून आठवी रेघ कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये, दुहेरी बंध. मग टिंबं: ऑक्सिजनवर दोन जोड्या, प्रत्येक नायट्रोजनवर एक. चार जोड्या, हिशेब जुळला.

टिंबं काढायचा कंटाळा करू नका. पुस्तकं बऱ्याचदा एकाकी जोड्या गाळतात. लिहिणाऱ्याला त्या दिसत असतात, शिकणाऱ्याला नाही. निदान पहिले सहा महिने प्रत्येक ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हॅलोजनवरच्या जोड्या काढाच.

चौथी पायरी: प्रभार तपासा

प्रत्येक अणूचा औपचारिक प्रभार, म्हणजे फॉर्मल चार्ज, काढायची सोपी रीत अशी: संयुजा इलेक्ट्रॉनांतून त्या अणूवरची टिंबं आणि त्याला लागलेल्या रेघा वजा करा. दुहेरी बंधाच्या दोन रेघा, तिहेरीच्या तीन.

युरियातला ऑक्सिजन: ६ वजा ४ टिंबं वजा २ रेघा, शून्य. नायट्रोजन: ५ वजा २ वजा ३, शून्य. कार्बन: ४ वजा ० वजा ४, शून्य. सगळ्यांची बेरीज रेणूवरच्या प्रभाराइतकी यायलाच हवी. आली नाही तर टिंबं मोजताना चूक आहे, दुसरीकडे शोधू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एका जोडीला दोन टिंबांऐवजी एक धरणं.

आता व्होलर यांच्या अमोनियम सायनेटकडे या. इथे दोन आयन आहेत, दोघांचा हिशेब वेगळा करायचा. अमोनियम: ५ अधिक ४ वजा १, शिल्लक ८. गरज ८ अधिक ८, म्हणजे १६. तूट ८, बंध चार, एकाकी जोडी एकही नाही. नायट्रोजनवर ५ वजा ० वजा ४, अधिक १. सायनेट: ऑक्सिजन ६, कार्बन ४, नायट्रोजन ५ आणि ऋण प्रभाराचा १, शिल्लक १६. गरज २४, तूट ८, बंध चार, जोड्या चार.

सायनेटमध्ये मधल्या कार्बनचे चार बंध दोन बाजूंना कसे वाटायचे? तीन शक्यता आहेत. ऑक्सिजनकडे एक आणि नायट्रोजनकडे तीन, तर ऑक्सिजनवर उणे १. दोन-दोन, तर नायट्रोजनवर उणे १. ऑक्सिजनकडे तीन आणि नायट्रोजनकडे एक, तर ऑक्सिजनवर अधिक १ आणि नायट्रोजनवर उणे २. तिन्हींत अष्टक पुरं आहे. निवडायचं कसं? ऋण प्रभार जास्त विद्युतऋण अणूवर असलेली रचना वरचढ, म्हणून पहिलीचा वाटा मोठा, दुसरीचा त्याखालोखाल. तिसरीत ऑक्सिजनच धन झालाय आणि प्रभारही जास्त पसरलेत, तिला जवळपास किंमत नाही. हे तीन प्रकार स्वतः काढून पाहा. औपचारिक प्रभार कशासाठी शिकायचा हे दहा मिनिटांत पटेल.

दोन्ही कागद शेजारी ठेवा. युरियात आठही बंध सहसंयुज, अख्खा रेणू एकसंध. अमोनियम सायनेटमध्ये चार अधिक चार सहसंयुज बंध दोन वेगळ्या आयनांत, आणि आयनांना धरून ठेवणारं फक्त विरुद्ध प्रभारांचं आकर्षण, ज्यासाठी कागदावर रेघ मारत नाहीत. आयनिक बंधाला रेघ काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. अमोनियम आणि सायनेट यांच्यामध्ये रेघ मारली की नायट्रोजनचे पाच बंध होतात. नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचात ८ पेक्षा जास्त इलेक्ट्रॉनांना जागाच नाही.

पाचवी पायरी: एक रचना पुरत नाही तेव्हा

युरियाची रचना शून्य प्रभारांची आली, पण काम संपलं नाही. मोजमाप काय सांगतं ते बघा. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला साधा एकेरी बंध साधारण १४७ पिकोमीटरचा असतो. युरियाच्या स्फटिकात तो १३४ च्या आसपास भरतो. म्हणजे आखडलेला, दुहेरीकडे झुकलेला. आणि कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध कीटोनमध्ये साधारण १२२ असतो, इथे तो १२६ च्या घरात, किंचित लांबलेला.

याचं उत्तर नायट्रोजनवरच्या एकाकी जोडीत आहे. पेन्सिल घ्या. एका नायट्रोजनवरच्या जोडीपासून वक्र बाण सुरू करा आणि त्याचं टोक त्या नायट्रोजन-कार्बन बंधावर आणा. लगेच दुसरा बाण: कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या एका रेघेपासून ऑक्सिजनकडे. नव्या रचनेत नायट्रोजन आणि कार्बन यांच्यात दुहेरी बंध, नायट्रोजनवर अधिक १, ऑक्सिजनवर तीन जोड्या आणि उणे १. दुसऱ्या नायट्रोजनपासूनही असंच करता येतं. तीन रचना मिळून युरिया.

बाणाचे नियम मोजकेच आहेत, पण मोडले तर सगळं बिघडतं. बाणाची शेपटी नेहमी इलेक्ट्रॉनांवर, म्हणजे जोडीवर किंवा रेघेवर. अणूच्या चिन्हावर नाही, धन प्रभारावर तर मुळीच नाही. टोक तिथे, जिथे ते इलेक्ट्रॉन जाऊन बसणार. आणि वरचे दोन्ही बाण एकत्रच काढायचे. पहिलाच काढला आणि दुसरा विसरला तर कार्बनला पाच बंध होतात. पाच बंधांचा कार्बन दिसला की मागे जा आणि विसरलेला बाण शोधा.

संस्पंदन, म्हणजे रेझोनन्स, या शब्दामुळे रेणू एका रचनेतून दुसरीत झुलतो असा समज होतो. तसं नसतं. रेणू सगळा वेळ एकच असतो. आपल्या रेघांची लिपी त्याला एका चित्रात बसवू शकत नाही, म्हणून तीन चित्रं लागतात. एखादा बंध १३४ पिकोमीटरचा असेल तर तो कायम तेवढाच असतो, कधी १४७ आणि कधी १२८ असा नाही.

सहावी पायरी: कागदावरून हातात

आता कणीक आणि टूथपिक. आधी मिथेन करा, कारण आकाराची कल्पना तिथूनच येते.

कार्बनच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी अशी: १एस मध्ये २, २एस मध्ये २, २पी मध्ये २. पी कक्षकं, म्हणजे पी ऑर्बिटल, तीन असतात आणि एकमेकांशी ९० अंशांवर. नुसतं हे बघून वाटेल की कार्बनने दोन बंध करावेत. प्रत्यक्षात तो चार करतो, आणि मिथेनमध्ये चारही अगदी सारखे असतात. १९३१ मध्ये लायनस पाउलिंग यांनी याचं स्पष्टीकरण दिलं ते संकरणाचं, म्हणजे हायब्रिडायझेशनचं. एक एस आणि तीन पी मिळून चार सारखी एसपी३ कक्षकं. चार ऋण जोड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर जायला बघतात आणि कोन १०९.५ अंश येतो.

कणकेच्या छोट्या गोळ्यात तीन टूथपिक तिवईच्या पायांसारखे खोचा आणि चौथा सरळ वर. कोनमापक धरायची गरज नाही. गोळ्याच्या केंद्रापासून काडीच्या टोकापर्यंत जेवढी लांबी, बरोबर तिच्या एक तृतीयांश उंचीवर केंद्र टेबलापासून असायला हवं. काडी ६ सेंटिमीटर भरत असेल तर केंद्र २ सेंटिमीटर वर. पाय पसरून किंवा जवळ घेऊन ही उंची जुळवा, १०९.५ अंश आपोआप मिळतात. तिवई कुठल्याही तीन काड्यांवर ठेवून पाहा, ती तशीच दिसली पाहिजे. एखाद्या बाजूने तिरकी दिसली तर कोन चुकलेत. कणीक सैल असेल तर पाय घसरतात, म्हणून पोळीच्या कणकेपेक्षा पुरीची घट्ट कणीक बरी.

अमोनियात चारांपैकी एक जागा एकाकी जोडीची असते. ती जोडी एकाच केंद्रकाच्या ताब्यात असल्यामुळे जास्त फुगलेली, ती बाकीच्यांना ढकलते, म्हणून कोन १०७. पाण्यात अशा दोन, कोन १०४.५.

कोणत्या अणूचं संकरण काय हे ठरवायला त्याचे शेजारी अणू आणि एकाकी जोड्या मोजायच्या. चार आले तर एसपी३, तीन आले तर एसपी२ आणि १२० अंश, दोन आले तर एसपी आणि १८० अंश. दुहेरी बंधाचा शेजारी एकदाच मोजायचा. युरियातला कार्बन: तीन शेजारी, जोडी नाही, म्हणजे एसपी२, सपाट, १२० अंशांच्या आसपास.

नायट्रोजनला हाच नियम लावला तर तीन शेजारी आणि एक जोडी, चार, म्हणजे एसपी३ येईल. इथे बहुतेक जण गुण गमावतात. पाचव्या पायरीत बघितलं की ही जोडी कार्बनच्या दिशेने वाटली जाते. वाटली जायची तर ती शेजारच्या पी कक्षकाला समांतर, पी कक्षकातच हवी. म्हणून युरियाच्या स्फटिकात नायट्रोजनही सपाट, एसपी२ सारखा वागतो, आणि सगळा रेणू एका पातळीत येतो. नियमाला जोडायची दुरुस्ती अशी: एकाकी जोडीच्या लगतच्याच अणूवर दुहेरी बंध असेल, तर आधी संस्पंदन काढून बघा आणि मगच संकरण लिहा.

कणकेचा युरिया करताना म्हणूनच सगळ्या काड्या ताटात आडव्या ठेवा. दुहेरी बंधासाठी दोन काड्या शेजारी खोचता येतात, पण ध्यानात ठेवा की त्या दोन सारख्या नाहीत. पहिला सिग्मा बंध दोन अणूंना जोडणाऱ्या रेषेवर, दुसरा पाय (π) बंध पातळीच्या वर आणि खाली पसरलेला. पाय बंध असला की अणू एकमेकांभोवती फिरू शकत नाहीत, फिरवायला तो तोडावा लागतो. ऊर्जेतही फरक आहे: कार्बन-कार्बन एकेरी बंधाला मोलमागे साधारण ३४७ किलोज्यूल, दुहेरीला साधारण ६११. दुप्पट नाही. वरचे २६४ पाय बंधाचे. म्हणून अभिक्रियेत आधी तोच उघडतो.

रचनेवरून गुणधर्म वाचणं

अमोनियाचं द्रावण लाल लिटमस निळा करतं. शुद्ध युरियाचं ताजं द्रावण करत नाही, जरी त्यात नायट्रोजन दोन आहेत. कारण आता तुमच्या कागदावरच आहे. नायट्रोजनची जोडी कार्बनकडे गुंतलेली, प्रोटॉन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन) पकडायला मोकळी नाही. तीव्र आम्लात युरियाला प्रोटॉन लागतो तोही ऑक्सिजनवर.

दुसरी गोष्ट हाताला जाणवणारी. पिंपात युरिया ढवळला की पाणी गार पडतं आणि बाहेरून पिंप थंड लागतं. विरघळताना कुठलाही सहसंयुज बंध तुटत नाही, युरिया युरियाच राहतो. स्फटिकात एका रेणूचे हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ते सोडवायला लागणारी ऊर्जा पाण्याशी नवे हायड्रोजन बंध झाल्याने पूर्ण भरून निघत नाही, उरलेली पाण्याच्या उष्णतेतून जाते. तरीही एक लिटर पाण्यात खोलीच्या तापमानाला किलोभर युरिया सामावतो, कारण दोन एनएच२ आणि एक ऑक्सिजन, रेणूचा जवळजवळ प्रत्येक कोपरा पाण्याशी जुळणारा आहे. युरिया १३३ अंश सेल्सिअसला वितळतो, मीठ ८०१ ला. बंधांचे प्रकार वेगळे, आकडे वेगळे.

आणि गोणीवरचा ४६? रेणुभार ६०, त्यात दोन नायट्रोजनचे २८. भागून पाहा, ४६.७ येतात.

सरावासाठी

पुढचे रेणू याच क्रमाने काढा. उत्तरं सोबत आहेत, पण आधी कोपऱ्यातला हिशेब करा.

मिथेनॉल: शिल्लक १४, गरज २४, बंध पाच, जोड्या दोन, दोन्ही ऑक्सिजनवर. ॲसिटोनायट्राइल (सीएच३सीएन): शिल्लक १६, गरज ३०, बंध सात, जोडी एक, नायट्रोजनवर. तिहेरी बंध आपोआप निघतो आणि दोन कार्बन वेगवेगळ्या संकरणाचे निघतात, एक एसपी३ आणि एक एसपी. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल: शिल्लक २४, गरज ४०, बंध आठ, जोड्या चार. आकडे हुबेहूब युरियाचे, कारण एनएच२ च्या जागी सीएच३ आणि ओएच आले तरी इलेक्ट्रॉनांची बेरीज तीच राहते. त्याचा प्रोटॉन काढून ॲसिटेट करा: बंध सात, जोड्या पाच, आणि दोन समान संस्पंदन रचना, म्हणून दोन्ही कार्बन-ऑक्सिजन बंध सारख्याच लांबीचे.

नायट्रोमिथेन (सीएच३एनओ२) जरा अवघड. शिल्लक २४, गरज ३८, बंध सात, जोड्या पाच. नायट्रोजनला दोन्ही ऑक्सिजनशी दुहेरी बंध द्यायचा मोह होतो. देऊ नका, पाच बंध होतील. एकाशी दुहेरी, एकाशी एकेरी; नायट्रोजनवर अधिक १, एकेरी ऑक्सिजनवर उणे १. रेणू उदासीन, तरी आत प्रभार आहेत. कार्बन मोनॉक्साइडही तसाच: बंध तीन, जोड्या दोन, कार्बनवर उणे १ आणि ऑक्सिजनवर अधिक १.

ही रीत जिथे फसते तेही पाहून ठेवा. नायट्रिक ऑक्साइडमध्ये शिल्लक ११, विषम, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटाच राहणार. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये हिशेब चार बंध सांगतो, पण बोरॉन तीन बंधांवर आणि ६ इलेक्ट्रॉनांवरच थांबलेला मानतात. आणि मिथाइल कॅटायन, म्हणजे सीएच३ चा धन आयन: शिल्लक ६, गरज १४, तूट ८. हातात सहाच असताना आठ वाटायचे कुठून? हिशेब असा अडला की समजायचं, या कार्बनचं अष्टक पुरं होऊ शकत नाही. तीन बंध, जोडी नाही, अधिक १, आणि एक पी कक्षक पूर्ण रिकामं. अभिक्रियांच्या धड्यात बाणाचं टोक वारंवार ज्या रिकाम्या जागेवर येऊन थांबतं, ती ही.